गावाची एकच शाळा

पेडणे तालुक्यातील एखाद्या मोठ्या गावी सकाळी आठच्या सुमारास शाळेच्या फाटकापाशी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. काजूच्या झाडांमधून उतरणाऱ्या पायवाटेने, कुळागराच्या कडेने आणि हमरस्त्यावर थांबलेल्या बसगाडीतून मुलामुलींचे घोळके एकाच फाटकाकडे येऊ लागतात. मुली पुढे, मुलगे मागे, आणि मध्ये चार-पाच हातांचे अंतर. हे अंतर कोणी आखून दिलेले नसते, पण प्रत्येकाला ते ठाऊक असते. घंटा झाली की सर्वजण पटांगणात जमतात. रांगा दोन होतात, पण प्रार्थना एकच असते. डिचोली तालुक्यातही हेच दृश्य दिसते. फरक एवढाच की, जेथे खनिजाची वाहतूक चालते तेथे मुलांच्या पांढऱ्या कपड्यांवर शाळेत पोहोचण्याआधीच तांबड्या धुळीची झाक चढलेली असते.

या दृश्याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. परंतु नवल न वाटण्याची ही स्थिती आपोआप आलेली नाही. या दोन्ही तालुक्यांत आज आजी झालेल्या कित्येक स्त्रियांनी लहानपणी शाळा पाहिली ती बाहेरूनच. त्यांच्या नाती मात्र मुलग्यांच्या बरोबरीने त्याच फळ्यासमोर बसून बीजगणित शिकतात. या दोन पिढ्यांच्या मध्ये काय घडले, हे समजावून घ्यावयाचे तर गावच्या मिश्र शाळेची हकीकत पाहावी लागते.

मुलगे व मुली यांनी एका वर्गात शिकावे, हा विचार जगात कोठेच सहजासहजी रुजला नाही. इंग्लंडातील जुन्या ग्रामर शाळा लॅटिन भाषेचे व्याकरण शिकविण्यासाठी निघाल्या, आणि त्यांपैकी बहुतेक केवळ मुलग्यांसाठी होत्या. तेथील बीडेल्स या शाळेने १८९८ मध्ये मुलींना प्रवेश दिला, तेव्हा तो एक धाडसी प्रयोग मानला गेला. आपल्याकडे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली ती मुलींची, आणि १८८४ मध्ये निघालेली हुजूरपागेची शाळाही मुलींचीच. त्या काळी मुलीला शिकवावयाचे तर तिच्यासाठी निराळे छप्पर हवे, ही समजूत सुधारकांनाही सोडता येत नव्हती. शहराला ते परवडणारे होते, कारण तेथे विद्यार्थिनी पुरेशा मिळत आणि देणगीदारही मिळत. खेड्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणापाशी तयार नव्हते.

गोव्याच्या उत्तर भागात हा प्रश्न अधिकच बिकट होता. डिचोली व सत्तरी हे प्रदेश १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. या प्रदेशांना नव्या काबिजादी म्हणतात. बारदेश, तिसवाडी आणि साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या-सतराव्या शतकांत जे धार्मिक व भाषिक उत्पात झाले, त्यांतून हा भाग बचावला, कारण तो उशिरा जोडला गेला. देवळे राहिली, देवळांच्या अग्रशाळा राहिल्या आणि त्यांबरोबर मराठीची परंपराही टिकली. तेरेखोल नदीपलीकडे सावंतवाडीचे राज्य होते. सोयरिकी, बाजार आणि जत्रा यांचे येणेजाणे त्या नदीला कधी जुमानीत नसे.

परंतु भाषा टिकली म्हणून शाळा झाली असे नव्हे. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर शेणैमामा मुलांना बसवीत. धूळपाटीवर अक्षरे, मग बाराखडी, पाढे, पावकी-निमकी, मोडी वाचन आणि हिशेब, एवढा तो अभ्यासक्रम होता. फीच्या बदली तांदूळ, नारळ किंवा केळीचा घड चाले. त्या ओसरीवर मुली क्वचितच दिसत. हिशेब ठेवणे हे ज्याचे काम त्याने शिकावे, असा तो व्यवहार होता, आणि घरचा हिशेब बाईच्या हाती असला तरी तो वहीत मांडण्याची तिला गरज नाही असे धरले जाई. कष्टकरी जातींच्या मुलांना तर ती ओसरीही पुष्कळदा बंदच असे.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले आणि राज्य व चर्च यांची फारकत झाली. त्यामुळे गोव्यातील हिंदूंना नागरिक म्हणून मोकळा श्वास घेता आला आणि शिक्षणसंस्थांची एक लाट उसळली. पणजीत १९०८ मध्येच मुष्टिफंड संस्था उभी राहिली होती. स्वयंपाकाच्या वेळी घराघरातून मूठभर तांदूळ बाजूला काढावयाचे आणि त्यातून शाळा चालवावयाची, ही तिची कल्पना तिच्या नावातच दिसते. फोंड्यास १९११ मध्ये गोवा विद्याप्रसारक मंडळ निघाले. दादा वैद्य यांच्यासारख्या माणसांनी त्या कामी आयुष्य वेचले, आणि त्या मंडळाची आल्मेदा शाळा नावारूपास आली. मूठभर तांदूळ बाजूला काढणारे हात बहुधा बायकांचे होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शाळेच्या जमाखर्चात स्त्री अशी आधी आली, पटावर तिचे नाव पुढे चढले.

तरीही माध्यमिक शिक्षण हे पेडणे-डिचोलीच्या मुलाला दूरचेच होते. पणजीत १८५४ पासून लिसेंव हे सरकारी विद्यालय होते, पण तेथील माध्यम पोर्तुगीज. बारदेशात हडफडे येथे १८८७ मध्ये सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा निघाली, आणि पुढे इतरही इंग्रजी शाळा निघाल्या. त्यांत जावयाचे तर पेडण्याच्या मुलाला शापोरा नदी ओलांडून कोणाच्या तरी घरी राहावे लागे. मुलग्यासाठी नातेवाईकाच्या घरी एक पान वाढविणे शक्य होते. मुलीला अशा रीतीने परगावी ठेवावयास फार थोडे आईबाप तयार होत. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पेडणे तालुक्याच्या सीमेवरील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सीमा बंद झाली आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे शिकावयास जाण्याची वाटही अडली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा तेथील दर तीन माणसांमागे सुमारे दोन माणसे निरक्षर होती. डिसेंबर १९६३ मध्ये पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. त्याचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म पेडण्याचा. त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. इमारती बांधीपर्यंत थांबावे, असा विचार कोणी केला नाही. देवळाचा सभामंडप, एखाद्या भाटकाराचे रिकामे घर, प्रसंगी गुरांचा गोठा सारवून केलेली जागा, जेथे छप्पर मिळाले तेथे फळा टांगला गेला. शिक्षक महाराष्ट्रातूनही आले. ते गावातच कोणाच्या तरी पडवीला राहिले, आणि गावाने त्यांना घरचे मानले. मास्तर मुलांना शिकवीत आणि संध्याकाळी गावकऱ्यांची पत्रे व अर्ज लिहून देत. अशा रीतीने शाळा ही केवळ मुलांची न राहता सर्व गावाची झाली.

प्राथमिक शाळेतून चौथी होऊन बाहेर पडणारी पहिली पिढी तयार झाली, आणि पुढे काय हा प्रश्न उभा राहिला. तेथून गावोगावच्या माध्यमिक शाळांचा जन्म झाला. काही सरकारने काढल्या, काही चर्चने चालविल्या, तर काही स्थानिक मंडळांनी. डिचोलीचे श्री शांतादुर्गा विद्यालय, तेथीलच अवर लेडी ऑफ ग्रेस शाळा, साखळीचे प्रोग्रेस हायस्कूल, पेडण्याची सेंट जोसेफ शाळा, ही नावे त्या भागात घरोघरी माहीत आहेत. कोणाचे नाव देवीचे, कोणाचे संताचे. परंतु बाकांवर बसलेली मुले पाहिली तर नाव पाहून आत कोण असेल हे सांगता येत नाही.

या शाळा मिश्र कशा झाल्या? त्याचे उत्तर तत्त्वज्ञानात शोधण्यापेक्षा साध्या अंकगणितात शोधावे. समजा, एखाद्या पंचक्रोशीत पाचवी ते दहावी या सहा इयत्तांना मिळून दीडशे मुले आहेत आणि त्यांत निम्म्या मुली आहेत. दोन निराळ्या शाळा काढल्या, तर प्रत्येकीत पंचाहत्तर मुले, म्हणजे एका वर्गात बारा-तेरा. दोन मुख्याध्यापक, दोन विज्ञानशिक्षक, दोन प्रयोगशाळा, दोन पटांगणे आली. एवढा खर्च खेड्याला झेपत नाही आणि सरकारही त्यासाठी अनुदान देत नाही. मग व्हावयाचे काय? शाळा एकच निघते, आणि निराळ्या शाळेचा आग्रह धरला, तर निघते ती मुलग्यांची. ज्या गावांनी हा आग्रह सोडला, त्या गावांतील मुली शिकल्या. पेडणे-डिचोलीच्या खेड्यांनी सहशिक्षण स्वीकारले ते प्रामुख्याने दुसरी सोय नव्हती म्हणून. परंतु गरजेपोटी स्वीकारलेली गोष्ट पुढे रीत झाली, आणि त्या रीतीने मुलींचे भले केले.

त्याच सुमारास देशातील शिक्षणतज्ज्ञही याच प्रश्नाचा विचार करीत होते, हा एक योगायोग म्हटला पाहिजे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने, जेथे मागणी असेल तेथे मुलींसाठी निराळ्या शाळा काढाव्यात असे सुचविले. परंतु मिश्र शाळांसाठी मुलींच्या व स्त्रीशिक्षकांच्या गरजा भागविणाऱ्या निश्चित अटी घालाव्यात, असेही सांगितले. पुढे १९६२ मध्ये नेमलेल्या हंसा मेहता समितीने मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमांत भेद असावा काय, हे तपासले आणि लिंगावरून असा भेद करण्याच्या विरुद्ध आपले मत दिले. गणित व विज्ञान मुलग्यांचे आणि शिवणकाम मुलींचे, ही वाटणी तिने अमान्य केली. गावच्या मास्तराने हे अहवाल पाहिले असोत वा नसोत, त्याच्यापाशी एकच वर्ग, एकच फळा आणि एकच तास होता. त्यामुळे जे मुलग्याला शिकवावयाचे तेच मुलीलाही शिकविणे त्याला भाग होते.

अट होती ती आईबापांच्या विश्वासाची. मुलगी न्हाती-धुती झाली की तिला घरी ठेवावयाचे, ही पूर्वापार चाल होती. सातवीच्या पुढे मुलींच्या बाकावरील एकेक जागा रिकामी होऊ लागे, हा जुन्या शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. त्यावर उपाय म्हणून शाळांनी जे केले ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. शिक्षक घरी जाऊन बसू लागले. पाटावर बसून पाणी घ्यावयाचे, भाताच्या पिकाची चौकशी करावयाची, आणि निघताना सहज विचारावयाचे की, मुलगी दोन दिवस का आली नाही? एकटी वाट चालावी लागते हे कारण असेल तर शेजारच्या वाड्यावरील चार मुलींची जोडी लावून दिली जाई. नदीपलीकडची मुले असतील तर फेरीबोटीच्या वेळेकडे पाहून शाळा सुटे. केरी व तेरेखोल यांच्यामध्ये आजही फेरीबोटच चालते, आणि त्या वाटेने येणाऱ्याला घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे भान अधिक ठेवावे लागते.

शाळेच्या आतही काही रीती पडल्या. वर्गात बाकांच्या दोन ओळी, एक मुलींची आणि एक मुलग्यांची; मधून शिक्षकाला फिरावयाची वाट. वर्गप्रमुख दोन, एक मुलगा व एक मुलगी. हजेरीपटावर आधी मुलग्यांची नावे आणि मग मुलींची, ही पद्धत पुष्कळ वर्षे चालली. तिच्यामुळे कित्येक हुशार मुलींना आपला क्रमांक तीसच्या पुढे असतो हे गृहीतच वाटे. मात्र परीक्षेचा निकाल फळ्यावर लागला की तो क्रम पुष्कळदा उलटा होई. मुलींसाठी निराळी खोली, शौचालय आणि निदान एक बाई शिक्षिका या गोष्टी जेथे वेळेवर झाल्या, तेथे मुली टिकल्या. जेथे झाल्या नाहीत, तेथे गळल्या. सहशिक्षण म्हणजे केवळ दार उघडे ठेवणे नव्हे, हा धडा या शाळांना अनुभवाने मिळाला.

दिवस सुरू होतो तो प्रार्थनेने. मग राष्ट्रगीत, बातम्या, सुविचार. रोज एका विद्यार्थ्याने पुढे येऊन बोलावयाचे असते, आणि पाळी मुलग्याची असो की मुलीची, ती टाळता येत नाही. ज्या मुलीने घरी वडीलधाऱ्यांसमोर कधी मोठ्याने तोंड उघडले नाही, ती येथे तीनशे मुलांसमोर पाच वाक्ये बोलते. पहिल्या वेळी आवाज कापतो, दहाव्या वेळी कापत नाही. मिश्र शाळेने मुलीला काय दिले असे कोणी विचारले, तर त्याचे एक उत्तर या पाच वाक्यांत आहे.

भाषेचा प्रश्न मात्र मुलामुलींना सारखाच छळतो. घरी बोलतात ती कोकणी. पेडण्याकडे ती मालवणीच्या अंगाने जाते. प्राथमिक शाळेत मराठी. पाचवीत आले की बहुतेक शाळांत विषयांची पुस्तके इंग्रजी होतात. दहा वर्षांच्या मुलाने दीड महिन्याची सुटी संपवून यावे आणि कालपर्यंतचे परिचित जग परक्या नावांनी पुढे उभे राहावे, अशी ही अवस्था असते. अनुभवी शिक्षक येथे तिन्ही भाषांचा पूल बांधतो. फळ्यावर तो ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द लिहितो, ‘प्रकाशसंश्लेषण’ असे मराठी सांगतो, आणि वर्ग अजून गप्प आहे असे पाहून म्हणतो, “अरे, झाडाची पाने उन्हात रांधप करतात.” मग सर्वांची तोंडे उजळतात. परीक्षेत उत्तर इंग्रजीत लिहावे लागते, पण ते समजलेले असते चुलीच्या भाषेत. शालान्त परीक्षा पूर्वी पुण्याच्या मंडळाची असे. १९७५ च्या कायद्याने गोव्याचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाल्यावर ही सूत्रे गोव्यात आली.

शाळेचे वर्ष पुष्कळ काळ जूनच्या पहिल्या पावसाबरोबर उघडत असे. नव्या पुस्तकांचा वास आणि ओल्या छत्र्यांचा वास एकत्र येई. चवथीच्या सुटीपूर्वी मुले माटोळीसाठी रानातली फळे-फुले ओळखू लागतात, आणि चतुर शिक्षक त्याच आठवड्यात वनस्पतिशास्त्राचा पाठ घेतो. सुटीहून परतताना डब्यांत नेवऱ्या असतात. डिसेंबरात पुन्हा नेवऱ्या येतात, त्या नाताळच्या, आणि त्यांच्या जोडीला दोदोल. एकाच मिठाईचे दोन सण या वर्गाला ठाऊक आहेत. ख्रिस्ती मुलांनी शाळेच्या कोपऱ्यात गवताचा गोठा बांधावा आणि त्यासाठी हिंदू मुलाने घरच्या गोठ्यातील गवत आणावे, ही गोष्ट तेथे वेगळी सांगण्याजोगी मानली जात नाही.

परंतु वर्षातील मोठा दिवस सरस्वतीपूजनाचा. आश्विनात, नवरात्राच्या दिवसांत, गावोगावच्या मराठी शाळांतून हा उत्सव होतो. आदल्या दिवशी मुली रांगोळी घालतात, मुलगे आंब्याच्या डहाळ्यांची तोरणे बांधतात. पाटीवर सरस्वतीचे चिन्ह रेखले जाते आणि तिच्यापुढे पुस्तके मांडली जातात. त्या दिवशी पुस्तक उघडावयाचे नाही, हा नियम मुले अत्यंत काटेकोरपणे पाळतात! संध्याकाळी भजन, आणि रात्री मुलांचे कार्यक्रम व नाटक. गाव सगळा जमतो. एरव्ही शाळेची पायरी न चढणारा शेतकरी त्या रात्री पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि रंगमंचावर आपली मुलगी येण्याची वाट पाहतो. पेडण्यास दसऱ्याला देवाची तरंगे निघतात आणि कोजागिरीला पुनवेचा मोठा उत्सव भरतो. त्या दिवसांत शाळेचे आणि देवळाचे पटांगण जणू एकच झालेले असते.

या उत्सवांना आणि स्नेहसंमेलनांना केवळ करमणूक समजणे चूक ठरेल. पूर्वी गावच्या नाटकात स्त्रीची भूमिका पुरुष करीत. शाळेच्या नाटकात ती मुलीने करावी की नाही, यावर पहिल्या वर्षी घरोघर चर्चा व्हावयाची, दुसऱ्या वर्षी कुजबूज, आणि तिसऱ्या वर्षी तालमीला मुलीला पोहोचवावयास वडील स्वतः कंदील घेऊन यावयाचे. फुगड्या मुली घरच्या अंगणात घालीतच होत्या. शाळेच्या रंगमंचावर त्या स्पर्धेच्या झाल्या. व्याख्याने देऊन जे मन वळले नसते, ते अशा एका रात्रीने वळे. स्नेहसंमेलनाच्या आधी निघणाऱ्या हस्तलिखिताचीही कामगिरी अशीच. सुबक अक्षराच्या मुली आणि चित्रे काढणारे मुलगे एका टेबलाशी बसून ते तयार करतात, आणि परस्परांच्या कामाचा आदर करावयास नकळत शिकतात.

१९ डिसेंबरला मुक्तिदिनाचे ध्वजवंदन होते. पेडणे तालुक्यात त्या दिवसाला निराळा अर्थ आहे, कारण पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक तेथे जवळच आहे. मग शिमगा येतो. डिचोली तालुक्यातील साळ येथील गडे पाहावयास माणसांची रीघ लागते. वार्षिक परीक्षा आणि शिमगा यांची गाठ पडणे, ही या भागातील विद्यार्थ्याची जुनी कसोटी होय. शेवटी दहावीचा निरोपसमारंभ. खालच्या वर्गाने वरच्या वर्गाला खाऊ द्यावा, वरच्या वर्गाने शाळेला एखादी वस्तू द्यावी, ही त्याची रीत. शाळेतील भिंतीवरचे घड्याळ, पाण्याचे पिंप, नकाशा, यांवर कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची भेट ते रंगाने लिहिलेले असते. त्या समारंभात मुली रडतात आणि मुलगे रडू न येण्याचा प्रयत्न करतात. या रडण्याला एक कारण पूर्वी असे की, पुष्कळ मुलींचे शिक्षण त्या दिवशी संपत असे. पुढे साखळीला सरकारी महाविद्यालय झाले, डिचोलीला नारायण झांट्ये महाविद्यालय झाले, आणि विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाने सरकारी महाविद्यालय झाले, तेव्हा तो दिवस शेवटचा राहिला नाही.

याचे फळ काय मिळाले? २०११ च्या जनगणनेत गोव्यातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आढळले. ज्या पेडण्यात बांदोडकर जन्मले, तेथेच त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांचा जन्म झाला. १९७३ ते १९७९ त्या गोव्याच्या मुख्यमंत्री होत्या. १९९० मध्ये शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांना अनुदान हवे तर माध्यम प्रादेशिक भाषेचे असावे, असे धोरण त्यांनी घेतले. त्या धोरणावरून पुढे दीर्घ वाद झाले आणि २०११ मध्ये ते बदलले. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु शाळेची भाषा कोणती असावी यावर एका स्त्रीने निर्णय घ्यावा आणि साऱ्या गोव्याने त्यावर भांडावे, ही गोष्ट शेणैमामाच्या ओसरीपासून किती दूरची आहे, हे सहज ध्यानी येईल.

आज या शाळांपुढचा प्रश्न निराळा आहे. घरात मुले कमी झाली. इंग्रजी माध्यमाकडे ओढा वाढला. डिचोलीत २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कित्येक कुटुंबांचे उत्पन्न आटले. पेडण्यात मोप येथे २०२२ मध्ये नवा विमानतळ उभा राहिला आणि जमिनीचे भाव व माणसांचे व्यवसाय बदलू लागले. तालुक्याच्या गावी असलेल्या शाळेकडे मुलांना नेणाऱ्या बालरथ नावाच्या बसगाड्या आल्या. त्यांनी अंतराचा प्रश्न पुष्कळसा सोडविला, आणि मुलींच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे यात शंका नाही. मात्र त्याच वेळी आडगावच्या लहान शाळांचे पट उतरत गेले. काही शाळा जवळच्या शाळेत मिसळल्या, काहींची दारे बंद झाली.

दहा-बारा मुलांसाठी शाळा चालविणे परवडत नाही, हे अंकगणितही खरेच आहे. ज्या अंकगणिताने एकेकाळी मुलामुलींना एका छपराखाली आणले, तेच आज ते छप्पर काढून घेत आहे, असे म्हणावे लागते. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा चांगली असते, प्रत्येक विषयाला शिक्षक असतो, समवयस्क सोबती अधिक मिळतात. या लाभांकडे डोळेझाक करून केवळ जुन्या आठवणींसाठी रिकामे वर्ग चालवावेत, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु एक हिशेब या अंकगणितात धरलेला नसतो. बसगाडी मुलीला शाळेपर्यंत नेते. शाळेला मुलीच्या घरापर्यंत आणू शकत नाही. दोन दिवस मुलगी का आली नाही हे विचारावयास येणारा शिक्षक, सरस्वतीपूजनाच्या रात्री पहिल्या रांगेत बसणारा बाप, मुठीने तांदूळ काढणारी आई, यांना जोडणारा जो धागा होता तो अंतर वाढले की विरळ होतो. आणि अडचण आली की शाळा सुटते ती प्रथम कोणाची, हे या भागाच्या इतिहासाने पुरेसे स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून जेथे शाळा एकत्र करणे अटळ असेल, तेथे इमारतीबरोबर रीतीही नव्या जागी न्याव्यात. लहान गावची मुले ज्या मोठ्या शाळेत जातात, तिच्या शिक्षकांनी वर्षातून दोन वेळा तरी त्या गावी जावे. पालकांची सभा पाळीपाळीने त्या गावच्या देवळात, चर्चच्या सभागृहात किंवा जुन्या शाळेतच भरावी. वार्षिक उत्सवाचा एखादा दिवस तेथे व्हावा. याला मोठा पैसा लागत नाही. ज्यांनी सभामंडपात फळा टांगून शाळा सुरू केली, त्यांच्या वारसांना हे अवघड वाटू नये.

आठ वाजता घंटा होते. मुली पुढे, मुलगे मागे, असे घोळके फाटकातून आत येतात आणि दोन रांगांत उभे राहतात. आज बोलण्याची पाळी आठवीतील एका मुलीची असते. ती पुढे येते, क्षणभर थांबते, मागच्या बाकाच्या मैत्रिणीकडे एकदा पाहते, आणि बोलू लागते. तिचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येतात. तिची आजी जवळच्याच वाड्यावर राहते. ही घंटा तिलाही रोज ऐकू येते.